एकेचाळिसावं पान

१

माउंट नेबो चर्चच्या तळघरातलं लोखंडी कपाट मंगळवारी सकाळी उघडलं, तेव्हा त्यात सत्तावीस वह्या हव्या होत्या आणि होत्या सव्वीस. कुलूप शाबूत, दार शाबूत, आणि मधल्या फळीवर एका वहीएवढी फट.

कपाट उघडलं होतं कमीला रो हिनं. विद्यापीठात इतिहास शिकवणारी, चाळिशीच्या आतली, एरवी तोंडाची चांगली फटकळ बाई. त्या सकाळी मात्र तिनं वह्या नुसत्या तीनदा मोजल्या. तिनं फोन केला, पण पोलिसांना नाही. तो केला वर्नेटा टॉलिव्हरला.

त्यात काही नवल नव्हतं. हॅकबेरी बॉटममध्ये काही हरवलं की लोक वर्नेटाकडेच जात. चौतीस वर्षं तिनं या वस्तीत टपाल वाटलं होतं. चुकीच्या दारात पडलेली पत्रं, पत्ता न ठेवता पळालेले नवरे, मेल्यावरही ज्यांच्या नावानं कागद येत राहिले अशी माणसं, सगळ्यांचा तिनं छडा लावला होता. आता वय अठ्ठ्याहत्तर झालं होतं आणि गुडघे कुरकुरत होते, पण डोकं अजून रोजच्या रोज वाटप करत होतं.

"सत्तावन्न सालची वही गेली, मिस वर्नेटा," कमीला म्हणाली. "नेमकी तीच. आज मी तिचे फोटो काढणार होते. छप्पन्नपर्यंतच्या झाल्यात."

सत्तावन्न ऐकून वर्नेटानं फोन दुसऱ्या हातात घेतला. ते साल तिला आवडत नसे. का, ते ती कोणाला सांगत नसे, आणि बरीच वर्षं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"गुरुवारी सुनावणी ना?" तिनं विचारलं.

"गुरुवारी सकाळी दहाला. शुक्रवारी बुलडोझर."

घर होतं कॉर्डिलिया मॅब्रीचं, क्विन्सी स्ट्रीटवरचं, दुमजली. हमरस्त्यानं अर्ध्याहून जास्त वस्ती गिळली त्यातून वाचलेल्या अकरा गल्ल्यांपैकी एकीत ते उभं होतं. शहरातल्या दवाखान्यांत काळ्या बायकांना खाट मिळत नव्हती त्या काळात कॉर्डिलियानं तिथे हजारावर बाळंतपणं केली. अर्धी वस्ती तिच्या हातात पहिल्यांदा रडली असेल. पण शहराच्या दप्तरात तिची नोंद होती 'धोबीण' एवढीच, आणि वारसा समितीला त्या काळातला लेखी पुरावा हवा होता. तो नसेल तर घर पाडून तिथे गाड्या लावायची जागा होणार होती.

"सत्तावन्नच्या इतिवृत्तात तिच्या घराचा पत्ता आणि कामाचा उल्लेख आहे असं डीकन बॅसकोम्ब म्हणाले," कमीला सांगू लागली. "म्हणून मी रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर जाहीर केलं की ते पान समितीपुढे मोठ्यानं वाचू आणि पडद्यावर दाखवू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला काय माहीत, त्या टाळ्यांत चोरही होता."

किल्ल्या चौघांकडे होत्या: कमीला, डीकन बॅसकोम्ब, विश्वस्त हॉलिस यान्सी, आणि सगळ्या वह्यांची नामसूची करणारी सिस्टर अर्नेस्टीन. सिस्टर अर्नेस्टीन म्हणजे वर्नेटाची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघी दर रविवारी एकाच बाकावर बसत, फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्नेस्टीन पांढऱ्या पोशाखात दाराशी उभी राहून लोकांना जागा दाखवी.

वर्नेटा फळीपाशी वाकली आणि वह्यांना हात लावणार, तेवढ्यात कमीलानं अडवलं. "आधी हात धुऊन कोरडे करा. हातमोजे बितमोजे नकोत हं. हातमोजे घातले की पान बोटाला कळत नाही आणि फाटतं. मी विद्यार्थ्यांनाही घालू देत नाही."

वह्यांची कातडी बांधणी म्हातारी झाली होती. नुसतं हलवलं तरी विटकरी भुकटी गळत होती. फटीखाली त्या भुकटीचा लांबट पट्टा पडला होता आणि फळीच्या कडेवर चार बोटांचा पुसट डाग होता, रेघा नसलेला, सपाट. बाकी सव्वीस वह्यांखाली फळी लख्ख होती, कमीलानं शनिवारी पुसली तशीच.

वर्नेटानं वह्यांचे कणे पाहिले. एकावरही साल नव्हतं. सोनेरी आकडे कधीच झिजून गेले होते.

"चोरानं शोधाशोध केलीच नाही," ती म्हणाली. "सत्तावीस सारख्या वह्यांतली हवी ती त्यानं पहिल्या फटक्यात काढली."

२

तरी ती आधी हॉलिस यान्सीकडे गेली, कारण सगळी वस्ती त्याचंच नाव घेणार होती. केस कापायच्या दुकानावर त्याची कचेरी होती. घरं विकणं हा धंदा, आणि क्विन्सी स्ट्रीटवरची ती जागा घेणाऱ्या कंपनीशी त्याची ऊठबस होती हे तो लपवतही नसे.

"या, मिस वर्नेटा. बेड्या आणल्यात का?" त्यानं खुर्ची पुढे केली. "सकाळपासून तिघांनी विचारलं. माझी सख्खी मेव्हणी तर म्हणाली, हॉलिस, देऊन टाक बाबा वही."

"मग देऊन टाक."

"असती तर दिली असती. अहो, ते घर पडावं असं मला वाटतं, आणि ते मी चर्चच्या सभेत उभं राहून बोललोय. छपराला भोकं, जिन्यात उंदीर. पाटी लावून उंदीर जातात का? पण वही चोरायला तो तळघराचा जिना उतरायचा? माझं पोट बघा, गुडघे बघा. माझी किल्ली त्या पाकिटात आहे. मिळाली तशी आहे."

पाकीट खरंच बंद होतं, वर कमीलाच्या अक्षरात त्याचं नाव. पण वर्नेटाला पाकिटापेक्षा फळी जास्त पटली होती. यान्सीनं ते कपाट कधी उघडलं नव्हतं. त्याला सत्तावन्न साल हुडकायला पाच-दहा वह्या तरी ओढाव्या लागल्या असत्या, आणि फळीभर भुकटी सांडली असती. भुकटी होती एकाच जागी. म्हणजे हात लावणाऱ्याला प्रत्येक वही बाहेरूनही ओळखू येत होती.

ती उठली, तसा यान्सी थोडा गंभीर झाला.

"एक सांगू? माझ्या आजीसमोर मिसेस मॅब्रीचं नाव काढलं, की आजी उठून स्वयंपाकघरात जायची. भांडी घासलेली असली तरी पुन्हा घासायची. आज आपण तिला आद्य सुईण म्हणतो, पोस्टर लावतो. मग आपल्या म्हाताऱ्या तिचं नाव का घेत नव्हत्या? ते डीकनना विचारा. मी विचारलं तर मला हाकलतात."

३

डीकन लूशियस बॅसकोम्ब अठ्ठ्याऐंशीचे होते आणि ओसरीवरच्या खुर्चीत ताठ बसलेले असत. सुनेनं कॉफी आणि पीच घातलेल्या केकचा तुकडा आणून ठेवला. डीकननी त्याला हात लावला नाही.

"तू येणार हे ठाऊक होतं, पोरी," ते म्हणाले. अठ्ठ्याहत्तरच्या वर्नेटाला पोरी म्हणणारं आता वस्तीत एवढंच माणूस उरलं होतं. "वही मी घेतली नाही. घ्यायची असती तर त्या पानाबद्दल बोललोच नसतो."

हे वर्नेटालाही वाटेतच सुचलं होतं. लपवायचं असेल ते माणूस आपण होऊन दाखवत नाही.

"पण पानात काय आहे ते तुम्ही कमीलाला सगळं सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

डीकननी नजर रस्त्याकडे वळवली.

"लाज वाटली. तिला चर्चनं काढून टाकलं होतं, वर्नेटा. कॉर्डिलिया मॅब्रीला. माझे वडील सभेचे अध्यक्ष होते. तुला आठवत असेल तेव्हाची रीत. लग्नाआधी मुलीला दिवस गेले की तिनं सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागायची. मुलगा मागे बाकावर बसलेला असायचा, त्याला कोणी विचारत नसे. तर मिसेस मॅब्रीनं अशी एक मुलगी घरात लपवून ठेवली. नाव सांगा म्हटलं, सांगितलं नाही. तीनदा विचारलं. ती म्हणाली, माझ्या घरी येणारी बाई माझी पाहुणी असते, आणि पाहुण्यांची नावं मी वाटत फिरत नाही."

"मग?"

"मग कोणीतरी सांगितलं. मुलीला आणून उभं केलं. सात महिने झाले होते तिला. मिसेस मॅब्रीचं नाव यादीतून खोडलं. आणि ठराव केला की क्विन्सी स्ट्रीट चारशे बारा इथल्या बाळंतिणींच्या घराचा उंबरठा कोणी ओलांडू नये. पत्ता त्यासाठी लिहिलाय. आपण पुरावा म्हणून जे वाचणार आहोत ना, ते तिच्यावर टाकलेल्या बहिष्काराचं कलम आहे. मी तेव्हा लष्करात, जर्मनीत होतो. परत आल्यावर वडिलांनी सांगितलं, अभिमानानं सांगितलं. साठ-पासष्ट वर्षं मी त्यांच्या जागी बसतोय आणि ती वही उघडायचं धाडस झालं नाही."

म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. वर्नेटानं मान खाली घातली.

कोणी सांगितलं, हा प्रश्न इथे विचारायला हवा होता. कोणत्याही शोध घेणाऱ्यानं तोच पहिला विचारला असता. वर्नेटानं विचारला नाही. तिनं कॉफीबद्दल सुनेचे आभार मानले आणि पायऱ्या उतरताना कठडा घट्ट धरला.

४

बुधवारी सकाळी ती पुन्हा तळघरात आली. नामसूचीच्या कार्डांचे खोके तिनं टेबलावर ओतले आणि कमीलाला कॉफी आणायला पाठवलं.

अर्नेस्टीनची पद्धत सरळ होती. वहीत जेवढी माणसं, तेवढी कार्डं. कार्डावर नाव आणि ते नाव कुठल्या पानांवर येतं त्याचे आकडे. वही नाहीशी झाली तरी कार्डं तिथेच होती. मार्च महिन्यात अर्नेस्टीननं सत्तावन्न साल संपवलं होतं, आणि ती वही तिच्याखेरीज कोणी उघडली नव्हती.

कार्डं नावांप्रमाणे लावलेली होती. वर्नेटाला नावांचं काय करायचं? तिनं आयुष्यभर घरनंबरांप्रमाणे टपाल लावलं होतं. एका कोऱ्या कागदावर तिनं एक ते शहाण्णव आकडे मांडले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं मांडावीत तसे, आणि एकेक कार्ड घेऊन प्रत्येक पानापुढे खुणा करत गेली. तीन नंबरच्या पानावर सहा माणसं. बारावर नऊ. अडतीसवर अकरा, म्हणजे वार्षिक जेवणाच्या तयारीची समिती असणार. बहुतेक घरी भरपूर टपाल आलं.

दोन घरी एकही पत्र नव्हतं. एक्केचाळीस आणि बेचाळीस.

इतिवृत्ताच्या वहीत नाव नसलेलं पान असतंच कसं? कोणी प्रार्थना केली, कोणी अनुमोदन दिलं, नाव येतंच. ती दोन पानं जाणून वगळली होती. आणि वगळायची तर आधी वाचावी लागतात.

मग तिला रविवारचं जेवण आठवलं. पहिला रविवार होता. अर्नेस्टीन सकाळी दाराशी उभी होती ती डोक्यापासून बुटांपर्यंत पांढऱ्यात, हातमोज्यांसकट. दुपारी जेवण वाढताना तिचे हात उघडे होते. वर्नेटा चेष्टेनं म्हणालीही होती, "आज राणीसाहेबांनी मोजे कुठे ठेवले?" आणि अर्नेस्टीन म्हणाली होती, "गाडीत राहिले," आणि घेवड्याच्या शेंगा जरा जास्तच वाढल्या होत्या.

पांढऱ्या सुती मोज्यांवर विटकरी भुकटी पडली तर ते मोजे कोण दाखवील? फळीवरच्या डागात बोटांच्या रेघा नव्हत्या. कमीला मोजे वापरत नाही. डीकननी पान स्वतः दाखवून दिलं. यान्सीला वह्या ओळखता येत नाहीत. उरलं एकच माणूस, आणि ते वर्नेटाचं सगळ्यात जवळचं माणूस होतं.

कमीला कॉफी घेऊन आली. "काही सापडलं?"

"उद्या सांगते," वर्नेटा म्हणाली. खरं तर तिला अर्धं कोडं सुटलं होतं. अर्नेस्टीननं वही घेतली हे कळलं होतं. का घेतली, त्याचं उत्तर समोर येऊन उभं होतं, आणि ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

५

अर्नेस्टीननं दार उघडलं, वर्नेटाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ती आत गेली. रविवारच्या टोपीचा गोल डबा घेऊन परत आली. निळ्या पिसांच्या टोपीखाली उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली वही होती.

"कशावरून ओळखलंस?" तिनं विचारलं.

"दोन घरी टपाल नव्हतं."

"तुझं ते टपाल." अर्नेस्टीन हसायला गेली, पण हसू आलं नाही. "मला वाटलं मोज्यांवरून. धुतले, पण जात नाही तो रंग."

"मोज्यांवरूनही."

"बस. उभ्यानं वाचू नकोस."

वर्नेटा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. एकेचाळिसावं पान. शाई फिकी झाली होती, अक्षर वळणदार. 'दिनांक १३ ऑक्टोबर १९५७. सिस्टर कॉर्डिलिया मॅब्री यांनी एका अविवाहित गरोदर मुलीस आपल्या क्विन्सी स्ट्रीट ४१२ येथील बाळंतिणींच्या घरात आसरा देऊन मंडळीपासून लपविले. नाव सांगण्यास तीन वेळा नकार दिला. ब्रदर पेटिग्रू यांची कन्या वर्नेटा, वय अकरा, हिने सदर मुलीस त्या घराच्या वरच्या खिडकीत पाहिल्याचे सभेपुढे सांगितले. मुलगी डेल्फीन गॅड्सडेन ही असल्याचे निष्पन्न झाले. कु. वर्नेटा हिच्या धीटपणाचे मंडळीने कौतुक केले.'

पेटिग्रू हे वर्नेटाचं माहेरचं आडनाव, आणि डेल्फीन ही अर्नेस्टीनची थोरली बहीण.

वर्नेटा ते विसरली नव्हती. लिहून ठेवलंय हे तिला ठाऊक नव्हतं, एवढंच. इतकी वर्षं तिनं स्वतःला समजावलं होतं की ते तर सगळ्यांनाच माहीत होतं, आपण काय, पोर होतो, आपण सांगितलं नसतं तर दुसऱ्या कोणी सांगितलं असतं. पानावर दुसरं कोणी नव्हतं. पानावर तिचंच नाव होतं.

"मार्चपासून तुला माहीत आहे," ती म्हणाली.

"मार्चपासून."

"आणि बोलली नाहीस."

"काय बोलायचं? मी नऊ वर्षांची होते, वर्नेटा. आईनं सांगितलं होतं, डेल्फीन जॉर्जियाला मावशीकडे गेलीय. त्या रविवारी मी तिला पुढे उभी पाहिली. तिच्या कोटाची बटणं पोटावर लागत नव्हती, म्हणून तिनं तो हातांनी धरून ठेवला होता. कोणी सांगितलं ते आम्हा दहाच्या आतल्या मुलांना बाहेर काढल्यावर झालं, तिला आणल्यावर आम्हाला परत आत घेतलं, त्यामुळे मला ठाऊक नव्हतं. सहासष्ट वर्षं मी तेच शोधत होते. प्रत्येक म्हातारीच्या प्रेताला गेले की वाटायचं, हीच असेल."

"आणि डेल्फीन?"

"डेट्रॉइटला गेली, परत आली नाही. आईच्या अंत्यविधीलाही आली नाही. तिथेच वारली, त्याला बारा वर्षं झाली."

"हे मला माहीत आहे. तू रडलीस तेव्हा मीच तुझ्याजवळ बसले होते."

"हो. तूच बसली होतीस."

चुलीवर कोबीच्या पाल्याचं पातेलं रटरटत होतं. अर्नेस्टीननं उठून आच कमी केली.

"मी फाडणार होते ते पान," ती पाठमोरी म्हणाली. "हात धजला नाही. मग कमीलानं रविवारी जाहीर केलं, पडद्यावर दाखवणार म्हणून. सगळ्या शहरासमोर. मला वाटलं, दाखवलं तर तू संपशील. आणि खरं सांगू? तुझ्यासाठी घेतलं असं मी म्हणतेय, पण ते पूर्ण खरं नाही. माझा नवरा गेला, मुलं दूर आहेत. तू एकटीच उरलीस मला. सांगणारी तूच होतीस हे उघड झालं असतं, तर मला तुझ्याशी भांडावं लागलं असतं. मला भांडायचं नव्हतं." ती वळली. "घरं पडतात, वर्नेटा. अख्खी वस्ती पडली, आपण जगलोच ना. ने ती वही घरी. जाळलीस तरी मी विचारणार नाही."

वर्नेटानं वही अभ्र्यात गुंडाळली. तिला इतकी लाज वाटत होती की मैत्रिणीच्या घरच्या खुर्चीवर बसायचीही लाज वाटू लागली. जाताना ती एवढंच म्हणाली, "पत्ता त्याच पानावर आहे, अर्नेस्टीन. दुसऱ्या कुठल्याच पानावर नाही."

६

गुरुवारी दहा वाजता समितीचे सात जण उंच टेबलामागे बसले. माउंट नेबोची माणसं अर्धं सभागृह भरून होती. कमीलाच्या हातात वही होती. ती कुठे सापडली हे वर्नेटानं तिला सांगितलं नव्हतं, आणि कमीलानं विचारलं नव्हतं. पण पान वाचल्यापासून ती वर्नेटाकडे पाहत नव्हती.

कमीलानं फक्त पत्त्याचा ठराव वाचला. नावांच्या ओळी तिनं सोडल्या. तो तिचा चांगुलपणा होता.

कंपनीचा वकील सौम्य आवाजात बोलला. "चर्चच्या भांडणातलं एक वाक्य आहे हे. रागाच्या भरात माणसं काहीही लिहितात. त्या घरात खरोखर बाळंतिणी राहत होत्या, हे डोळ्यांनी पाहिलेलं कोणी हयात आहे का? ऐकीव गोष्टी सोडून?"

कमीला गडबडली. डीकन उठू लागले, पण ते तर जर्मनीत होते. अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

वर्नेटा उठली. माइकपर्यंतची वाट पंधरा पावलांची होती. तिथे पोहोचून तिनं वही मागून घेतली.

"मी पाहिलं," ती म्हणाली. "कमीलानं काही ओळी सोडल्या. त्या मी वाचते."

तिनं वाचलं. स्वतःचं नाव आलं तिथे आवाज कापला, म्हणून ती ओळ तिनं पुन्हा वाचली. मागे कोणीतरी "अरे देवा" म्हणालं.

"ती वर्नेटा मी. आईनं मला मिसेस मॅब्रीकडे इस्त्रीचे कपडे द्यायला पाठवलं होतं. वरच्या मजल्यावर तीन खाटा होत्या, पांढऱ्या चादरी, दाराशी उकळत्या पाण्याची किटली. एका खाटेवर बाळ घेतलेली बाई होती. तिचं आडनाव मला माहीत नाही. खिडकीपाशी डेल्फीन उभी होती. ती माझ्या मैत्रिणीची बहीण, मला वेण्या घालून द्यायची. मला पाहून तिला आनंद झाला. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि हसली. मी पण हसले. मी मान हलवली, म्हणजे सांगणार नाही असं वचन दिलं. रविवारी चर्चमध्ये विचारलं, कोणाला काही ठाऊक आहे का, तेव्हा मी हात वर केला. मला कोणी दटावलं नव्हतं. कोणी मारलं नव्हतं. मोठ्या माणसांनी माझ्याकडे बघावं, एवढ्यासाठी केला."

वकिलानं हातातले कागद खाली ठेवले.

"मिसेस मॅब्रीला आम्ही काढलं," वर्नेटा म्हणाली. "तरी त्यानंतर आमच्याच बायका मागच्या दारानं तिच्याकडे गेल्या. मी स्वतः तिच्या दारात वीस वर्षं टपाल टाकलं. ती मला दर वेळी नावानं हाक मारून पाणी विचारायची. मी एकदाही आत गेले नाही. ते घर पाडू नका. आम्हाला अभिमान वाटावा म्हणून म्हणत नाही. आम्ही काय केलं ते दिसायला तेवढी एकच जागा उरलीय."

मतं पडली. पाच विरुद्ध दोन. घर राहणार होतं. टाळ्या सुरू झाल्या आणि लगेच विरल्या, कारण कोणाला टाळ्या वाजवायच्या ते लोकांना कळेना. पाद्री पुढे येऊन म्हणाले की रविवारी सिस्टर मॅब्रीचं नाव पुन्हा यादीत घेण्याचा ठराव मांडू. बाहेर व्हरांड्यात माणसं वर्नेटाला वाट देत होती, जरा जास्तच मोकळी. यान्सीनं मात्र टोपी काढून तिच्यासाठी दार धरलं.

गाडी अर्नेस्टीनची होती, नेहमीसारखी. वर्नेटाच्या दारापाशी तिनं गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही.

"मार्चमध्ये वाचलं तेव्हा मला तुझा राग आला नव्हता," ती समोर पाहत म्हणाली. "मला वाटलं, आलाच नाही, म्हणजे मी चांगली बाई आहे. आज आला. तिनं ओठांवर बोट ठेवलं, आणि ती हसली, असं तू म्हणालीस ना, तेव्हा आला. ते वहीत नव्हतं."

"नव्हतं."

"ते तू मला सांगायला हवं होतंस. एकटीला. कधीतरी, एवढ्या वर्षांत. तिची एवढीशी गोष्ट, आणि मी ती वकिलाबरोबर बसून ऐकली."

वर्नेटानं तोंड उघडलं. माफ कर म्हणायचं होतं, पण तो शब्द इतका उशिरा आणि इतका छोटा होता की तिनं तो गिळला.

"रविवारी मी दुसऱ्या बाकावर बसेन," अर्नेस्टीन म्हणाली.

"किती दिवस?"

"मला माहीत नाही, वर्नेटा. खरंच माहीत नाही."

वर्नेटा उतरली. दार तिनं हळू लावलं. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली आणि मग घरात गेली.